दोरा परत आणायचा : वायकीकी, २४ ऑगस्ट

सागरगोटी

सुरुवात मोगऱ्यापासून झाली.

हवाईतल्या होनोलुलूत येऊन मला सात वर्षं झाली. शेजारी एक आंटी राहतात. (इथेही आपल्यासारखंच आहे. नात्यातली नसली तरी वडीलधारी बाई आंटी आणि पुरुष अंकल.) ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांनी कुंपणावरून हाक मारली, "तुला मोगरा ओवता येतो म्हणालीस ना? मग ये, हात कमी पडताहेत." गेले तर टोपलीत ओल्या कागदाखाली मोगऱ्याच्या कळ्या. पहाटेच खुडलेल्या, घट्ट मिटलेल्या. इथे मोगऱ्याला पिकाके म्हणतात. पिकाके म्हणजे खरं तर मोर. राजकन्या काइउलानीला मोर आणि मोगरा दोन्ही आवडायचे, म्हणून फुलाला पक्ष्याचं नाव पडलं.

माझं लहानपण वसईतलं. आत्या ओटीवर बसून गजरे करायची. दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला, दोन कळ्या इकडे तोंड करून, दोन तिकडे, फास, की पुन्हा दोन-दोन. सुई नाहीच. मी तशीच बसले. आंटी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुरेख आहे. पण हे केसांत माळायचं. गळ्यातलं असं करायचं." त्यांनी वीतभराहून लांब, अगदी बारीक सुई हातात दिली. कळीचा हिरवा देठ काढायचा, सुई बुडातून घालायची आणि बरोबर टोकातून बाहेर आणायची. जरा कलली की पाकळी चिरते. पहिल्या दहा-बारा कळ्या माझ्या हातून चिरल्या. आंटी रागावल्या नाहीत. इतकंच म्हणाल्या की मनात राग किंवा घाई असेल तर आत्ता उठ, चहा पिऊन ये, कारण ओवताना मनात जे असतं ते माळेत उतरतं.

कोणासाठी, विचारलं. "ड्यूकसाठी. सोमवारी त्याचा वाढदिवस."

ड्यूक कहानामोकू. ऑलिंपिक गाजवलेला पोहणारा आणि सर्फिंगवाला, म्हणजे फळीवर उभं राहून लाटांवर जाणारा. होनोलुलूच्या वायकीकी भागात, कूहिओ बीचवर, रस्त्याला लागून त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. दोन्ही हात पसरलेले, पाठीमागे उभी फळी. हातांवर नेहमी माळा असतात आणि समोर फोटो काढणाऱ्यांची गर्दी. सात वर्षं मी तिथून जात-येत होते आणि तेवढंच बघत होते. त्या संध्याकाळी ओवता ओवता आंटींनी त्याची गोष्ट सांगितली. पुढे आठवडाभर मी वाचत बसले. आता वाटतं, ही गोष्ट मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवी.

जन्म २४ ऑगस्ट १८९०. तेव्हा हवाई हे राज्य होतं आणि गादीवर राजा कालाकाउआ होता. ड्यूक ही पदवी नव्हे, नावच. १८६९ मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा हवाईला येऊन गेला, त्यावरून वडिलांचं नाव ठेवलं आणि तेच मुलाकडे आलं. पोरगं वायकीकीच्या पाण्यात वाढलं. दोन वर्षांचा होता तेव्हा, १७ जानेवारी १८९३ ला, अमेरिकन व्यापारी आणि बागायतदारांच्या गटाने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं. त्या वेळी अमेरिकी नौसैनिक बंदरावर उतरलेले होते. १८९६ मध्ये शाळांतून हवाईयन भाषेत शिकवणं बंद झालं. १२ ऑगस्ट १८९८ ला अमेरिकेने हवाई आपल्याला जोडून घेतलं आणि राजवाड्यावरचा हवाईचा झेंडा उतरला. म्हणजे ड्यूकच्या आठव्या वाढदिवसाच्या बारा दिवस आधी त्याचा देश संपला होता. कॅप्टन कुकची जहाजं १७७८ मध्ये आली त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांत परक्या रोगांनी माणसं इतकी मेली, की १८९० च्या खानेसुमारीत हवाईयन रक्ताची माणसं जेमतेम ४० हजार उरली होती. लाटांवर फळ्या घेऊन जाणारेही त्याच प्रमाणात विरळ झाले. मिशनऱ्यांना हा खेळ वेळेचा अपव्यय वाटे, अंगावर कपडे कमी हाही आक्षेप होताच.

हवाईयन भाषेत या खेळाला हे-ए नालू म्हणतात. हे-ए म्हणजे घसरणं, नालू म्हणजे लाट. राजे, सरदार, बायका, मुलं सगळे खेळत. सरदारांची ओलो नावाची फळी सोळा फुटांच्या पुढे जायची, बाकीच्यांची आलाइआ आखूड. लाकूड कोआचं, विलीविलीचं किंवा नीरफणसाचं. (हो, आपल्या कोकण-गोव्यातला नीरफणस. इथे उलू म्हणतात.) झाड तोडण्याआधी प्रार्थना करून बुंध्याशी मासा ठेवायची रीत होती.

या सगळ्याच्या उतरणीवर ड्यूक आणि त्याचे सवंगडी वायकीकीला एका झाडाच्या सावलीत जमत, फळ्या तासत, लाटांवर जात. १९०८ मध्ये तिथेच एक मोठा क्लब निघाला, सभासद जवळजवळ सगळे गोरे. या मुलांनी स्वतःचा काढला. नाव हुइ नालू. हुइ म्हणजे मंडळ. लाट-मंडळ! १९११ मध्ये याच मंडळाकडून तो होनोलुलूच्या बंदरात शंभर यार्ड पोहला आणि जगाचा विक्रम मोडला. १९१२ ला स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्ण. त्यानंतर पोहण्यासाठी जिथे जिथे बोलावणं आलं तिथे समुद्र दिसला की तो लाकूड मागायचा आणि फळी करायचा. अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर आणि ऑस्ट्रेलियात त्याने लाटांवर उभं राहून दाखवलं.

आणि घरी परतल्यावर काय? हौशी खेळाडूंचे नियम कडक, पोहण्यातून पैसा घ्यायचा नाही. ऑलिंपिकच्या सुवर्णपदकवाल्याने वायकीकीला पेट्रोल पंपावर गाड्यांत पेट्रोल भरलं. पुढे तो होनोलुलूचा शेरीफ म्हणून निवडून येत राहिला, पंचवीसेक वर्षं. ही पंपाची गोष्ट सांगताना आंटींची सुई थांबली होती.

आता तो दिवस.

सकाळी सूर्य डायमंड हेडच्या डोंगरामागून वर यायच्या आत पोचलो. म्हातारी मंडळी पुढच्या खुर्च्यांवर, होडीच्या क्लबची मुलं, पिवळ्या-लाल कपड्यांतले लाइफगार्ड. आधी शंख. शंख! इथे त्याला पू म्हणतात. चार दिशांना तोंड करून चार वेळा फुंकला. मला एकदम घरच्या आरतीला उभी असल्यासारखं झालं. मग ओली. ओली म्हणजे वाद्यांशिवाय म्हटलेलं आवाहन. एका तरुणाने म्हटलं, शेवटच्या ओळीला श्वास ताणून आवाज थरथरवत. ज्या भाषेत शिकवणं बंद केलं होतं तीच भाषा, आणि म्हणणारा विशी-बाविशीचा. १९७८ पासून ती राज्याची अधिकृत भाषा आहे. १९८४ मध्ये आईबापांनी हवाईयन बालवाड्या काढल्या. आंटी कानात म्हणाल्या, "हा त्या बालवाडीतला पोरगा." त्यांच्या आजीला शाळेत हवाईयन बोलल्याबद्दल पट्टी खावी लागली होती.

माळा घालायची वेळ आली. पुतळा नऊ फुटांचा, त्यात चौथरा, म्हणून हातांवरच घालतात. माझी माळ आंटींच्या मागोमाग. डाव्या हाताच्या मनगटावर ठेवली तेव्हा ब्राँझ रात्रीच्या गारव्याने थंडगार होतं. मोगऱ्यावर मोगरा, चाफा, हिरवी मायलेची पानं. वासाने गुदमरायला होत होतं.

मग सगळे पाण्याकडे वळले. फळ्यांवर पोटावर झोपून हातांनी वल्हवत निघाले, होड्याही निघाल्या. मी फळीवर नव्हते, आंटींबरोबर होडीत होते. लाटा फुटतात त्यापलीकडे जाऊन गोल केला. हातात हात. कुणीतरी पुले म्हटली, म्हणजे प्रार्थना. मग सगळ्यांनी एकदम तळहातांनी पाणी उडवलं आणि आरोळी दिली. १९६८ मध्ये ड्यूक गेला तेव्हा त्याची राख याच पाण्यात सोडली होती.

गोलाच्या मध्ये फुलं टाकली. आणि इथे मी चुकणार होते. गळ्यातली दुसरी माळ काढून तशीच पाण्यात सोडत होते. आंटींनी मनगट धरलं. छोट्या कात्रीने दोरा कापला, एका टोकाला धरून ओढला, कळ्या एकेक करून पाण्यात पडल्या. दोरा गुंडाळून त्यांनी माझ्या मुठीत दिला. "फुलं त्याची. दोरा आपण परत न्यायचा." कासवं आणि सील दोऱ्यात अडकतात.

तो दोरा अजून माझ्या ओट्यावर खिडकीत आहे. वास दोन दिवस राहिला.

---

तरंगिणी

किती सुंदर लिहिलंयत. सकाळी लोकलमध्ये वाचलं. माझ्यासमोर बसलेल्या बाईंच्या मांडीवर दादरच्या फूलबाजारातून घेतलेल्या मोगऱ्याची पिशवी होती, सगळा डबा त्या वासाने भरला होता. दोऱ्याच्या जागी आले आणि अंगावर काटा आला.

---

मिठागर

एक शंका विचारतो, राग मानू नका. वायकीकी म्हणजे ओळीने हॉटेलं. असे समारंभ पर्यटकांसाठी मांडलेले नसतात का? आपल्याकडेही काही उत्सवांचं तसं झालेलं बघून वाईट वाटतं, म्हणून विचारलं.

---

सागरगोटी

@मिठागर, राग कसला, हाच प्रश्न माझ्या मनात सात वर्षं होता.

पर्यटकांसाठीचं पुष्कळ आहे इथे. हॉटेलांत जेवणाबरोबर हुला, म्हणजे इथला पारंपरिक नाच, असतो. पण हुलाचीच गोष्ट ऐका. १८३० मध्ये राणी काआहुमानूने ख्रिस्ती झाल्यावर त्यावर जाहीर बंदी घातली. लोकांनी घराच्या आत, खेड्यापाड्यांत जपला. राजा कालाकाउआने १८८३ मध्ये आपल्या राज्याभिषेकाला राजवाड्यासमोर उघड्यावर हुला करवला, तेव्हा पाद्री मंडळींनी गहजब केला. त्याच राजाच्या नावाने आज दुसऱ्या बेटावरच्या हिलो गावी दरवर्षी हुलाची मोठी स्पर्धा होते, ईस्टरच्या आठवड्यात. वर्षभर तयारी करून येतात, आणि प्रेक्षक मुख्यतः इथलेच असतात. म्हणजे दोन्ही गोष्टी याच बेटांवर शेजारी शेजारी चालतात.

ड्यूकच्या वाढदिवशी मला कळलेला फरक हा : ओली म्हणणारा माणूस कॅमेऱ्यांकडे पाठ करून उभा होता. तो पुतळ्याशी बोलत होता. आम्ही मागचे केवळ ऐकणारे.

---

वेळणेश्वर_वाला

पुतळ्याचा फोटो बघितला. समुद्र त्याच्या मागे आहे! दर्यावर जगलेल्या माणसाची पाठ दर्याकडे? आमच्याकडे म्हातारे पाण्यात उतरल्यावर लाटेकडे पाठ करू देत नाहीत, पहिलं शिकवणं तेच.

---

सागरगोटी

@वेळणेश्वर_वाला, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. १९९० मध्ये पुतळा बसला तेव्हा इथल्या जुन्या सर्फिंगवाल्यांनी हेच म्हटलं होतं, अगदी ह्याच कारणाने, समुद्राकडे पाठ करायची नाही. तोंड फिरवा अशी मागणी झाली. दुसरी बाजू म्हणते की तो बेटावर येणाऱ्यांचं स्वागत करतोय, म्हणून हात पसरलेले. माझं मत पहिल्या बाजूने आहे. पण पहाटे गर्दी नसताना तिथे उभं राहिलं की त्याच्या दोन्ही हातांच्या मधून, फळीच्या कडेने, पाणी दिसतं. तेवढं समाधान.

---

तरणतलाव

मी जलतरण शिकवतो, त्यामुळे राहवत नाही. १९११ च्या विक्रमावर एक ओळच लिहिलीत, ती फार मोठी गोष्ट आहे.

तारीख १२ ऑगस्ट १९११. होनोलुलूच्या बंदरात धक्क्यांच्या मधलं पाणी, तरणतलाव नव्हताच. शंभर यार्डाला ५५.४ सेकंद. आधीच्या जागतिक विक्रमापेक्षा ४.६ सेकंद कमी! शंभर यार्डात साडेचार सेकंद म्हणजे दुसरा पोहणारा कित्येक हात मागे. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या खेळसंघटनेचा विश्वासच बसला नाही. घड्याळं चुकली असतील, पाण्याला ओढ असेल, असं म्हणून विक्रम नाकारला. घड्याळ लावणारे अनेक होते, अंतर मोजलेलं होतं, तरी. पुढच्याच वर्षी स्टॉकहोमला सगळ्यांच्या समोर त्याने उत्तर दिलं.

त्याचं रहस्य पायांत होतं. त्या काळी क्रॉलमध्ये (पालथं होऊन, आळीपाळीने हात मारत पोहणं) कात्रीसारखे पाय मारत. ड्यूक गुडघा फारसा न वाकवता घोट्यातून झपझप, अखंड पाय मारी. आज पहिल्या आठवड्यात आम्ही मुलांना काठाला धरून जी लाथ शिकवतो ती याच घराण्यातली. त्याच्या लाथेला त्याचंच नाव पडलं होतं.

१९१६ चं ऑलिंपिक महायुद्धात गेलं, ऐन उमेदीची वर्षं. तरी १९२० ला अँटवर्पमध्ये, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, विश्वविक्रमासह शंभर मीटर जिंकला. म्हणजे तुमचा तो २४ ऑगस्टच! एका स्पर्धकाच्या तक्रारीवरून शर्यत काही दिवसांनी पुन्हा घेतली, तीही जिंकला. १९२४ ला पॅरिसमध्ये वाइसमुलर पहिला, ड्यूक दुसरा आणि तिसरा कोण, तर ड्यूकचाच धाकटा भाऊ सॅम. चौतिसाव्या वर्षी रौप्य.

---

सागरगोटी

@तरणतलाव, फार आभार, मला पोहण्यातलं इतकं कळत नाही. तुमची तारीख वाचून मात्र थबकले. १२ ऑगस्ट. राजवाड्यावरचा झेंडा उतरला तीही १२ ऑगस्टच, बरोबर तेरा वर्षं आधीची. आंटींना लगेच जाऊन सांगितलं. त्यांना ठाऊक होतं.

---

सिडनीची_मावशी

आमच्या बाजूची गोष्ट सांगते. सिडनीच्या उत्तरेला फ्रेशवॉटर नावाचा छोटा किनारा आहे. डिसेंबर १९१४ मध्ये ड्यूक इथे पोहण्याच्या शर्यतींसाठी आला. फळी आणली नव्हती, म्हणून इथल्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडून शुगर पाइनचा ओंडका घेऊन स्वतः तासली. साडेआठ फुटांच्या वर, बुडाला जरा खोलगट. ती फळी आजही फ्रेशवॉटरच्या जीवरक्षक क्लबात काचेमागे आहे. मी नातवाला दाखवायला नेलं होतं. जवळून बघितलं तर तासणीच्या खुणा दिसतात. शंभर वर्षांपूर्वीच्या हाताच्या खुणा! यंत्राचं गुळगुळीतपण नाही, बोट फिरवावंसं वाटतं.

त्या उन्हाळ्यात इझाबेल लेथम नावाची पंधरा वर्षांची मुलगी त्याच्या फळीवर पुढे उभी राहिली. पुढे ती पोहणं शिकवणारी झाली, अमेरिकेत जाऊन शिकवून आली, आणि नव्वदी पार करून १९९५ मध्ये गेली. इथल्या मुली तिचं नाव अभिमानाने घेतात.

एक दुरुस्ती प्रेमाने सुचवते. ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा फळीवर उभा राहिला तो ड्यूक असं सर्रास म्हणतात, ते पुरतं खरं नाही. सिडनीतल्याच मॅन्लीचा टॉमी वॉकर त्याच्या आधी वायकीकीहून दोन डॉलरला फळी घेऊन आला होता आणि लाटांवर जायचा. पण लोकांना वेड लावलं ते ड्यूकने, हेही तितकंच खरं. टेकाडावर १९९४ पासून त्याचा पुतळा आहे, आणि आमच्याकडचा फळीवर उभा आहे, लाट कापताना.

---

पॅसिफिक_काठी

लॉस एंजेलिसहून. ड्यूकच्या आधीच्या एकाचं नाव इथे यायला हवं : जॉर्ज फ्रीथ. होनोलुलूत १८८३ चा जन्म, आजोळच्या बाजूने हवाईयन रक्त. १९०७ मध्ये कॅलिफोर्नियाला आला आणि रेडोंडो बीचला "पाण्यावर चालणारा माणूस" म्हणून त्याची जाहिरात व्हायची. रेल्वे कंपनीला किनाऱ्यावर गर्दी हवी होती. पण त्याचं खरं काम वेगळंच. त्याने इथल्या मुलांना बुडणाऱ्याला वाचवायचं शिक्षण दिलं. १६ डिसेंबर १९०८ ला व्हेनिसच्या धक्क्याजवळ वादळात जपानी कोळ्यांच्या होड्या सापडल्या. फ्रीथ थंडगार पाण्यात पुन्हा पुन्हा उड्या घेत राहिला, सात जण त्याने काढले. जीव वाचवल्याबद्दलचं सुवर्णपदक मिळालं. आणि १९१९ मध्ये इन्फ्लूएंझाच्या साथीत सॅन डिएगोला गेला, वय फक्त पस्तीस. राख होनोलुलूला परत नेली.

रेडोंडोच्या धक्क्यावर त्याचा अर्धपुतळा होता, तो २००८ मध्ये चोरीला गेला. नंतर नवा बसवला. मी अधूनमधून जाऊन बघून येतो. माळ कधीच नसते त्याच्या गळ्यात. सागरगोटी, तुमचा लेख वाचून मला त्याची खंत वाटली.

अजून मागे जायचं तर जुलै १८८५. तीन हवाईयन राजपुत्र सॅन मॅटेओच्या शाळेत शिकायला होते. सुट्टीत सांताक्रूझला आले, तिथल्या रेडवुडच्या पंधरा फुटांहून लांब फळ्या करवून घेतल्या आणि सॅन लोरेंझो नदीच्या मुखाशी लाटांवर गेले. मुख्य भूमीवर सर्फिंगची ती पहिली नोंद. त्या तिघांतला एक प्रिन्स कूहिओ.

---

सागरगोटी

@पॅसिफिक_काठी, म्हणजे ज्या कूहिओच्या नावाच्या किनाऱ्यावर ड्यूकचा पुतळा आहे, तोच. त्याचाही पुतळा तिथून चार पावलांवर आहे. याच कूहिओने पुढे वॉशिंग्टनमध्ये हवाईचा प्रतिनिधी असताना १९२१ चा कायदा करवून घेतला, हवाईयन लोकांना वस्तीसाठी जमीन राखून ठेवणारा. आंटींचं माहेर तसल्याच जमिनीवर आहे. मी त्या दिवशी त्याच्यापुढून माळ घेऊन गेले आणि थांबलेसुद्धा नाही. पुढच्या वर्षी दोन माळा ओवीन.

फ्रीथसाठी तुम्ही ओवा ना. मोगरा तिकडे दक्षिण कॅलिफोर्नियात अंगणात होतो.

---

डोलकाठी

आमचं घर वेसाव्याच्या कोळीवाड्यातलं. शंख आणि होड्या वाचून नारळी पुनव डोळ्यांपुढे आली. तीही साधारण त्याच दिवसांत असते. सोन्याचा कागद लावलेला नारळ मिरवत नेतात, दर्याला देतात, आणि "बाबा, आता शांत हो, माणसं आत जाणार आहेत" असं मनापासून मागतात. आमची आजी नारळ सोडल्यावर ओंजळभर पाणी तोंडावरून फिरवायची. बोटीवर गेलेल्या मुलांची नावं ओठांत पुटपुटत.

तुमच्या समारंभात मला एक वेगळं दिसलं ते सांगतो. आम्ही दर्याकडून सांभाळ मागतो. तिथे एका माणसाला दर्याच्या स्वाधीन केलंय आणि दरवर्षी त्याला भेटायला जातात. दोन्हीकडे भाव खरा आहे.

दोऱ्याचं मी घरात वाचून दाखवलं. निर्माल्याच्या प्लास्टिकच्या पिशव्यांसकट विसर्जन करणारे लोक आम्ही रोज बघतो. जाळ्यात मासळीबरोबर तेच येतं.

---

सरळ_रेघ

लेख आवडला. पण मला एक टोचतंय. ज्यांनी देश घेतला त्यांच्याच झेंड्याखाली तो पोहला, पदकं अमेरिकेच्या खात्यावर. मग त्याला हवाईयन संस्कृतीचा मानबिंदू कसं म्हणायचं?

---

सागरगोटी

@सरळ_रेघ, हा प्रश्न इथेही आहे आणि त्याची सोपी उकल मला सापडलेली नाही. कहानामोकूंसमोर दुसरा झेंडा शिल्लक नव्हता, हे एक. पण मला वाटतं बघायचं ते वेगळीकडे. स्टॉकहोमला पदक मिळाल्यानंतर तो एक मागणं मागत राहिला, सर्फिंग ऑलिंपिकमध्ये घ्या. कुणी ऐकलं नाही. ते घडायला १०९ वर्षं लागली. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जुलै २०२१ मध्ये, सर्फिंग पहिल्यांदा आलं आणि बायकांचं पहिलं सुवर्ण कोणी जिंकलं? होनोलुलूची, हवाईयन वंशाची कॅरिसा मूर. व्यावसायिक स्पर्धांत ती हवाईच्या झेंड्याखाली उतरते. तिथे हवाईला वेगळा मान आहे. ऑलिंपिकमध्ये मात्र अमेरिकेचा. म्हणजे गाठ अजून तशीच आहे.

त्या रात्री आमच्या गल्लीत कुणी झोपलं नव्हतं. आंटी अंगणात उभ्या राहून मोठ्याने रडत होत्या.

---

अळूचं_फदफदं

अन्नाचं काहीच लिहिलं नाहीत! हवाईत अळूचा कंद मुख्य अन्न ना?

---

सागरगोटी

हो, कालो म्हणतात. कंद उकडून, कुटून पोई करतात, आंबवलेली जास्त आवडते लोकांना. पाण्याने भरलेल्या वाफ्यांत लावतात, आपल्या भातखाचरासारख्या. त्यांच्या उत्पत्तीकथेत देवांचं पहिलं बाळ मृत जन्मतं, त्याला पुरतात आणि तिथून अळू उगवतं. दुसरं बाळ जगतं तो माणूस. म्हणून अळू थोरला भाऊ. पोईचं भांडं उघडं असताना पानावर भांडायचं नाही, असा आंटींच्या घरचा नियम आहे. समारंभानंतर किनाऱ्यावर पोई, केळीच्या आणि टी नावाच्या झुडपाच्या पानांखाली शिजवलेलं डुकराचं मांस आणि नारळाच्या दुधाच्या वड्या होत्या. मी अळूवडी करून नेली होती. संपली.

---

उधाण

लाइफगार्ड तिथे का होते हे कुणी सांगितलं नाही. १४ जून १९२५. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीचजवळ थेल्मा नावाची मासेमारीची बोट मोठ्या लाटांत उलटली. ड्यूक मित्रांबरोबर किनाऱ्यावर होता. फळी घेऊन आत गेला, माणूस फळीवर ओढायचा, काठाला आणायचा, पुन्हा आत. २९ जणांपैकी १७ गेले, १२ वाचले, त्यांतले आठ एकट्या ड्यूकने आणले. तोवर फळी ही खेळायची वस्तू होती. या दिवसानंतर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक फळी जवळ ठेवू लागले.

हीच वाट पुढे एडी ऐकाउपर्यंत जाते. ओआहूच्या (होनोलुलू आहे तेच बेट) उत्तर किनाऱ्यावरच्या वायमिया बेचा तो जीवरक्षक, पाचशेच्या वर माणसं वाचवली असं तिथे सांगतात. मार्च १९७८ मध्ये होकूलेआ ही पारंपरिक होडी वादळात उलटली तेव्हा तो मदत आणायला फळीवरून लानाइ बेटाकडे निघाला. बाकीचे वाचले. एडी कधीच सापडला नाही. त्याच्या नावाची स्पर्धा लाटा खरोखर राक्षसी असतील तेव्हाच होते. वर्षानुवर्षं होत नाही. पण तिची सुरुवात दरवर्षी करतात, वायमियाच्या पाण्यात गोल करून, फुलं देऊन. २०२३ मध्ये ती जिंकली ल्यूक शेपर्डसनने, तिथल्याच लाइफगार्डने. त्या दिवशी तो कामावर होता. लाटेवर जायचा आणि परत येऊन मनोऱ्यावर बसायचा.

---

पॅसिफिक_काठी

परवा बायकोने मोगऱ्याची कुंडी आणली. तीन कळ्या आहेत सध्या. एप्रिलमध्ये फ्रीथची पुण्यतिथी आहे, सात तारखेला. तोवर किती होतात बघू.

---

तरंगिणी

@सागरगोटी, आईला लेख वाचून दाखवला. ती ऐंशीची आहे, अजून गजरे करते. तिचे दोन प्रश्न आहेत : कळी फाटू नये म्हणून सुईला काही लावता का, आणि एका माळेला कळ्या किती?

---

सागरगोटी

@तरंगिणी, आईंना माझा नमस्कार सांगा.

सुई अधूनमधून ओल्या फडक्याने पुसायची. चिकट झाली की कळी ओढली जाते. चार-पाच कळ्या सुईवरच ओवून मग एकत्र दोऱ्यावर सरकवायच्या, एकेक नाही. सरकवताना देठाच्या बाजूने ढकलायचं, टोकाला बोट लावायचं नाही. एका पदराला माझ्या शंभराच्या आसपास लागल्या. ओवलेली माळ ओल्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात. सकाळी काढली की अर्ध्या तासात उमलायला लागते, म्हणून घालण्याच्या अगदी आधी काढायची.

आणि दोरा सुती घ्या म्हणावं, नायलॉनचा नको.